पेशीला ऊन लागतं

मी आयुष्यात हजारो जीव मारले आहेत. त्यातले बहुतेक कांद्याच्या मुळांतले होते आणि त्यांचं मला कधी काही वाटलं नाही.

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला कारखान्यांची वसाहत आहे. तिच्या कडेला आमचं कॉलेज, आणि तिथे मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. पेशीविभाजनाचं प्रॅक्टिकल असलं की कांदा पाण्याच्या ग्लासवर बसवून ठेवायचा. मुळं फुटली की त्यांची टोकं कापायची, ॲसिडमध्ये टाकायची, रंग द्यायचा आणि दोन काचांमध्ये ठेवून अंगठ्याने दाबायची. मायक्रोस्कोपखाली मग दिसायचं, की अमुक पेशी विभागायला सुरुवात करताना मेली, तमुक मध्यावर असताना मेली, आणि ही बिचारी संपवता संपवता. या सगळ्या मेलेल्यांना मनातल्या मनात एका ओळीत उभं करायचं आणि पोरांना सांगायचं, बघा, जिवंत पेशी अशी विभागते. पोरं आकृत्या काढायची, आम्ही सह्या करायचो. कुणाचीच तक्रार नव्हती.

तक्रार केली ती आमच्या विभागप्रमुख मॅडमनी. मॅडम ठाण्याच्या. स्वच्छ, ठाम बोलायच्या, आणि फळ्याकडे पाठ करून पेशीविभाजनाची आकृती काढायच्या. हात मागे नेऊन काढलेलं ते वर्तुळ मी समोर बघून काढलेल्या वर्तुळापेक्षा गोल यायचं. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता आणि त्या मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या. जानेवारीत एका प्रॅक्टिकलला मुलींची स्लाइड तपासताना त्या मायक्रोस्कोपवरून डोकं वर न काढताच म्हणाल्या,

"इतकी वर्षं हे शिकवतेय, पण मी हे कधी बघितलेलं नाही हो."

"मॅडम, आत्ता बघताय की."

"ही प्रेतं आहेत. मी ते चाललेलं असताना बघण्याबद्दल म्हणतेय."

तिथे गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा, की समोरच्याला काही कमी पडलंय असं दिसलं की तो माझाच अपराध वाटायला लागतो. मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या निरोपसमारंभाच्या आत मी तुम्हाला दाखवतो." आणि शब्द दिल्याचं लगेच ओझं झालं म्हणून ते हलकं करायला पुढे म्हणालो, "दाखवतो काय, सिनेमा काढतो त्याचा."

सिनेमा म्हणजे काय, ते सांगतो. पेशी विभागायला तास-दीड तास घेते, आणि ते इतकं सावकाश चालतं की सलग बघून फारसं काही कळत नाही. दर तीन मिनिटांनी एक फोटो काढायचा. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये एक विभाजन जेमतेम मावतं. ते फोटो जाड कागदावर चिकटवून वही शिवायची आणि अंगठ्याने भराभर पानं सोडायची, की पेशी डोळ्यांदेखत दुभंगते. एवढीच माझी कल्पना होती. प्राचार्यांच्या कानावर ती 'चलच्चित्र' म्हणून गेली आणि त्यांनी निरोपसमारंभाच्या कार्यक्रमात तिला दहा मिनिटं देऊनही टाकली.

झाड मिळण्याची अडचण नव्हती. जांभळ्या पानांचं ट्रॅडेस्कॅन्शिया आमच्याकडे प्रत्येक सोसायटीच्या जिन्याखाली, कुणी लावलं नसताना उगवतं. त्याच्या फुलातल्या पुंकेसरांवर बारीक केस असतात. मण्यांची माळ असावी तसे एकापुढे एक पेशींचे. कोवळ्या कळीतला केस काढून पाण्याच्या थेंबात ठेवला की तो जिवंत राहतो. आतला द्रव वाहताना दिसतो. न रंगवता, न मारता सगळं बघता येतं.

कॅमेरा माझ्याकडे नव्हता. तो होता स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडे. या गृहस्थाने माझ्या लग्नाचे फोटो काढले होते. फ्लॅश इतक्या जवळून मारला होता, की एकाही फोटोत माझे डोळे उघडे नाहीत. बायकोच्या माहेरी अजून समजतात, की मी लग्नात झोपलो होतो. त्या पापाची आठवण त्याला मी कधी करून दिली नव्हती, पण त्याची त्याला होती.

"सर, टेन्शनच नाय," तो म्हणाला. "कॅमेरा काय, मी पण येतो. किती मोठी पेशी आहे?"

मी सांगितलं.

"मग तर लाईट लागणार भरपूर. माझा हजार वॅटचा हॅलोजन आणतो. साखरपुड्याला लावतो ना, तो."

कॅमेरा मायक्रोस्कोपच्या नळीवर बसवायला वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून लेथवर पितळी कडं करून घेतलं. हॅलोजनला मी नाही म्हणालो, पण फार ठामपणे नाही. दिव्याबद्दल माझंही अज्ञान त्याच्याच तोडीचं होतं. जास्त प्रकाश म्हणजे जास्त स्पष्ट, असंच मला वाटत होतं. टेबलावरच्या दिव्याचा झोत खालच्या आरशावर सोडला, तो केसातून वर आला, आणि कॅमेऱ्यात सगळं लख्ख दिसलं. मॅडम येऊन बघून गेल्या. मी बघितलं. स्टुडिओवाल्याने बघितलं आणि म्हणाला, "भारी आहे! गटार वाहतंय जसं." आम्ही आळीपाळीने बघत होतो, दिवा जळत होता, आणि पाचव्या का सहाव्या फोटोनंतर आतलं वाहणं थांबलं.

मला आधी वाटलं, माझा डोळा थकला. मग जांभळा रंग पेशीबाहेर पसरायला लागला. पेशी मेली होती. आमच्या बघण्याने मेली होती.

घरी टिटवाळ्याला पोचलो तेव्हा मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "एक केस मेला." कांद्याची मुळं पोत्याने मारताना ज्याला काही वाटलं नव्हतं, तो मी एका केसासाठी हळहळत होतो. याचं कारण मी तिला नीट सांगू शकलो नाही. कांदा मारायचाच म्हणून मारला होता. हा मात्र कौतुकाने बघता बघता गेला.

मग मी प्रकाशाचा हिशोब शिकलो. पुस्तकं काढली, आणि जे वर्गात शिकवतो तेच पहिल्यांदा नीट वाचलं. जिवंत पेशीला प्रकाश लागतो तसं ऊनही लागतं. तिच्या वाट्याला आयुष्यभरात जेवढा उजेड सोसायचा आहे तेवढाच तिला परवडतो. तो फोटोसाठी वापरा नाहीतर डोळ्यांनी उधळा. म्हणून झोत सतत सोडायचा नाही. मधे आडपडदा ठेवायचा आणि फोटोपुरताच काढायचा. दिवा मात्र बंद करायचा नाही, कारण पुन्हा पेटल्यावर तो आधीइतकाच पेटेल याचा भरवसा नसतो. आडपडदा म्हणून मी एक जाड लग्नपत्रिका घेतली. झोताच्या वाटेत चपटी काचेची बरणी ठेवली आणि तिच्यात मोरचुदाचं निळं पाणी भरलं, म्हणजे दिव्याची उष्णता तिथेच अडेल. त्यापुढे गणपतीच्या मखरातला हिरवा जिलेटीन कागद, कारण हिरवा उजेड पेशीला त्यातल्या त्यात कमी बाधतो, असं पुस्तक म्हणत होतं.

मोरचूद आणायला रसायनशास्त्र विभागाच्या स्टाफरूममध्ये गेलो, तेव्हा तिथले सर मोठ्याने म्हणाले, "काय हो, झाडाला ऊन लागतं म्हणून त्याला निळी छत्री देताय म्हणे?" सगळा स्टाफरूम हसला. मीही हसलो. बरणी मात्र घट्ट धरून ठेवली.

उजेड असा कमी केला की फोटोला वेळ जास्त लागतो. कॅमेऱ्याचं झाकण सेकंदभर उघडं राहायला हवं, आणि त्या सेकंदात काहीही हलता कामा नये. आमच्या खिडकीखालून तर दिवसभर कारखान्यांचे ट्रक जायचे आणि प्रत्येक ट्रकला टेबलावरच्या बाटल्या किणकिणायच्या. तेव्हा मला जी युक्ती सुचली तिचा मला फार अभिमान वाटला. वसाहतीला सुट्टी शुक्रवारी असते. शुक्रवारी ट्रक नाहीत, भोंगे नाहीत, जमीन स्वस्थ. फोटो शुक्रवारी काढायचे.

बुधवारी एक छोटा तुकडा खर्ची घालून किती सेकंद उघडं ठेवायचं ते पक्कं केलं. शुक्रवारी सकाळी कळी खुडली, विभागायच्या बेतात असलेली पेशी शोधली आणि तीन-तीन मिनिटांनी पत्रिका उचलत, ठेवत, उचलत, ठेवत पूर्ण रोल काढला. इतक्या शांततेत मी आयुष्यात काही केलेलं नव्हतं. पंखाही मन लावून फिरत होता. मॅडमना बाहेरच थांबायला सांगितलं होतं, कारण त्या आल्या की बघणार, आणि बघायचं म्हणजे पत्रिका उचलावी लागणार.

रोल धुऊन आला तो पांढराफटक. पहिल्या काही फोटोंत पेशीचा पुसट काठ, मग धुकं, मग नुसता कागद.

"पेशीनेच पोझ नीट दिली नाय," स्टुडिओवाला म्हणाला. "तरी सांगत होतो, फ्लॅश मारू."

मी ते फोटो ओळीने टेबलावर मांडले आणि बराच वेळ बघत बसलो. ते एकदम पांढरे झाले नव्हते, सकाळ चढेल तसे होत गेले होते. तेव्हा मला मन लावून फिरणारा तो पंखा आठवला. इतर दिवशी तो असा फिरतो का? शुक्रवारी कारखाने बंद, म्हणजे त्यांच्या मोटरी बंद, म्हणजे त्यांची सगळी वीज आमच्या तारांमध्ये. व्होल्टेज चढतं. आमच्याकडचे बल्ब शुक्रवारी जातात, हे शहरातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, आणि मलाही होतं. पण ट्रक बंद म्हणून वार निवडताना मी विजेला विसरलो. बुधवारच्या मंद दिव्यावर ठरवलेले सेकंद शुक्रवारच्या प्रखर दिव्याला लावले. फोटोही जळले आणि, छत्रीबित्री देऊन, पेशीलाही दुपारपर्यंत भाजून काढलं.

मॅडमना सांगताना माझा आवाज इतका खाली गेला, की त्यांना दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

"अहो, मग आमचा स्टॅबिलायझर आणते की," त्या म्हणाल्या. "टीव्हीचा. तो व्होल्टेज एकसारखं ठेवतो."

"मॅडम, तो जड असतो. आणि तुमचा टीव्ही?"

"घरात एकच माणूस बघतो आणि त्यांचीही निवृत्ती झालीय. बघतील थोडे दिवस बाहेर."

मार्चच्या एका शुक्रवारी त्या ठाण्याहून तो स्टॅबिलायझर कापडी पिशवीत घालून आल्या. मी पिशवी हातातून घेतली तेव्हा माझा खांदा खाली गेला. त्यांच्या निरोपसमारंभाआधी विभागणाऱ्या पेशी असलेल्या कोवळ्या कळ्या मिळतील असा तो शेवटचा शुक्रवार होता. ऊन वाढलं होतं आणि कुंड्यांमधला बहर संपत आला होता. या खेपेला नाही जमलं तर मॅडम ते न बघताच जाणार होत्या.

या खेपेला सगळं जमलं. दिवा थरथरला नाही. मोरचुदाची बरणी, हिरवा कागद, पत्रिका, सगळं जागेवर. केसाच्या टोकाला एक पेशी अशी सापडली की तिच्या केंद्रात गुणसूत्रांचे दोरे नुकतेच उमटायला लागले होते. कॅमेरा चढवला. स्टुडिओवाला बटणाशी, मी पत्रिकेशी, आणि मॅडम मागच्या स्टुलावर. मी त्यांना बसवलंच होतं असं की टेबल त्यांच्या पाठीशी येईल.

"झाले का दोरे जाड?" त्या भिंतीकडे बघत विचारायच्या.

"होतायत, मॅडम."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही बघितलंत?"

"फोटोच्या आधी क्षणभर दिसतं थोडं, मॅडम. कॅमेऱ्याच्या खिडकीतून."

"मग त्या खिडकीतून मलाही दिसेल."

"मॅडम, प्लीज. तुम्ही चष्मा काढणार, डोळा लावणार, शोधणार. तुमची एक नजर म्हणजे माझे पाच फोटो."

हे मी बोललो. ज्यांना दाखवण्यासाठी सगळा खटाटोप मांडला, त्यांनाच बघू नका म्हणालो, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्टुडिओवाला मात्र हसला.

"सर, नवरीला पण एवढं लपवत नाय कोणी. अंतरपाट धरून बसलेत नुसते."

मॅडम हसल्या नाहीत. काही फोटो आणखी झाले. पंधरावा झाला तेव्हा मी उत्साहाने सांगितलं, "मॅडम, सगळे मध्यावर येऊन उभे राहिलेत!"

स्टूल सरकल्याचा आवाज आला. त्या उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काढा तो कॅमेरा."

"मॅडम?"

"कॅमेरा काढा आणि डोळा लावायची काच बसवा. मला बघायचंय."

"मॅडम, अजून वीसएक फोटो. सगळं येईल त्यात. समारंभात सगळ्यांना दिसेल, कायमचं राहील. आता कॅमेरा काढला तर सिनेमा गेला. आणि सलग बघत बसलात तर पेशी संपेपर्यंत टिकेल याची खात्री नाही."

"अहो, सगळ्यांना दाखवायचं असतं तर तक्ता आहे की भिंतीवर. मला दाखवायचं नाहीये. मला बघायचंय."

स्टुडिओवाला माझ्याकडे बघत होता. माझ्या डोक्यात प्राचार्यांची दहा मिनिटं होती, लेथवर केलेलं कडं होतं, स्टाफरूमचं हसू होतं. मॅडमना दिलेला शब्द त्या यादीत खूप खाली गेला होता, हे मला तेव्हा दिसलं. मी कड्याचा स्क्रू सैल केला.

एका डोळ्याचा मायक्रोस्कोप तो. मॅडमनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळा लावला. मी पत्रिका उचलली. त्यांचा हात फाइन फोकसच्या चाकावर गेला आणि मग तो हात आणि त्या, दोन्ही स्थिर झाले.

"उभे आहेत," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "नाही, उभे नाहीत. थरथरतायत."

"मॅडम, पत्रिका ठेवतो थोडा वेळ. तिला विश्रांती."

"ठेवा."

मी मनात आकडे मोजायचो आणि पत्रिका उचलायचो. त्या डोळा लावून बघायच्या. मी पुन्हा ठेवायचो. त्यांच्यासाठी मी दिव्याला वेसण घालत होतो, आणि पेशीसाठी त्यांना. कितीतरी वेळ असा गेला. स्टुडिओवाला कंटाळून खिडकीशी गेला. मला खात्री होती, की आता ती मेली. थरथर मधेच थांबेल, रंग पसरेल, आणि मॅडम वर बघून समजूतदारपणे काहीतरी म्हणतील. ते समजूतदार वाक्य ऐकायची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

मी पत्रिका खाली आणत होतो तेवढ्यात त्यांनी न बघता माझं मनगट धरलं.

"राहू दे उघडं."

"मॅडम, तिला..."

"राहू दे. सुटले! अहो, सगळे एकदम सुटले. एकाच वेळी. कुणी सांगितलं त्यांना?"

मी पत्रिका धरून उभा होतो. माझं मनगट त्यांच्या हातात होतं आणि दिवा पेशीवर. पुढचं सगळं मी कानांनी बघितलं. दोन्ही गट लांब गेले. एक मागे राहिला होता, तोही गेला. मधे काहीच नाही. मग मधे एक धूसर रेघ, आधी मध्यभागी, मग दोन्ही बाजूंना वाढत जाणारी. त्या बोलत होत्या ते मला सांगण्यासाठी नव्हतं, हे उघड होतं.

त्या उठल्या तेव्हा डोळ्याभोवती काचेची गोल खूण उमटली होती. "बघून घ्या," म्हणाल्या. मी डोळा लावला. दोन पेशी होत्या, मधे भिंत. एकीच्या दोन होताना मला बघायला मिळालं नाही. पत्रिका आपोआप माझ्या हातून झोतासमोर गेली, आणि नंतर पुन्हा उचलून बघण्याचा धीर झाला नाही. त्या दोघी पुढे जगल्या का, ते मला माहीत नाही.

स्टुडिओवाल्याने उरलेला रोल वाया जाऊ दिला नाही. त्या आठवड्यात कल्याणला एका साखरपुड्याला तोच वापरला. धुऊन आला तेव्हा पहिल्या पंधरा चौकटींत पेशी होती, एकेक फोटो लख्ख, नेमका, हलका न गडद, आणि सोळाव्यात एक मुलगी डोळे घट्ट मिटून मुलाला पेढा भरवत होती. "बघा सर," तो म्हणाला, "तुमचे किती झक्कास आलेत. मॅडमनी घाई केली."

निरोपसमारंभात प्राचार्यांनी चलच्चित्र रद्द झाल्याचं 'तांत्रिक कारणास्तव' म्हणून सांगितलं. मी मान खाली घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. मॅडम बोलायला उठल्या. मला वाटलं, माझे आभार मानतील, आणि तो विचारही मला सहन होईना. त्यांनी आभार मानले नाहीत. "तुम्हाला सिनेमा बघायला मिळणार होता," त्या म्हणाल्या, "तर मी दाखवते." त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटं बोटांत अडकवली आणि छातीसमोर धरली.

वर्गात त्या हे नेहमी दाखवायच्या. बोटं अडकवायची, आणि मग सावकाश, एका गतीने, दोन्ही हात लांब न्यायचे. मीही तसंच शिकलो होतो आणि तसंच दाखवायचो. या वेळी त्यांनी हात हलवले नाहीत. बोटं अडकलेलीच राहिली आणि थरथरत राहिली. सभागृहाला वाटलं, बाईंना भरून आलंय. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली. त्या थांबल्या नाहीत, बोटं थरथरत होती, टाळी विरली, मागच्या रांगा चुळबुळायला लागल्या, प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. मी मान वर केली आणि श्वास रोखून त्या हातांकडे बघत बसलो.

मग ती बोटं सुटली. सगळी, एकदम.